वुड स्टोव्हची चिमणी साफ करताना डॅम्परपाशी होणाऱ्या चुका टाळा

डॅम्पर पाइपमध्ये तसाच ठेवून वरून ब्रश घालू नका. अमेरिकेत किंवा कॅनडात घराबरोबर जुना वुड स्टोव्हही (लाकूड जाळून घर उबदार ठेवणारी शेगडी) आला असेल, तर पहिल्या सफाईआधी एवढं नक्की लक्षात ठेवा.

डॅम्पर म्हणजे स्टोव्हच्या वर, पाइपच्या आत सळईवर फिरणारी बिडाची चकती. ती उघडी असली तरी सळई पाइपात आडवी असतेच. ब्रश तिथे अडतो. जोर लावला की त्याच्या तारा चकतीत गुंततात आणि मग तो मागेही येत नाही. शिवाय चकतीखालची काजळी तशीच राहते. बहुतेक डॅम्परची मूठ स्प्रिंग दाबून फिरवली की सळई सुटते. त्या वेळी चकतीला खालून हाताचा आधार हवा, नाहीतर ती थेट स्टोव्हमध्ये पडते. सळई चिकटलेली असेल तर झटापट नको. स्क्रू काढून पाइपचा तो तुकडाच अंगणात न्या आणि चकती दोन्ही बाजूंनी खरवडा.

ब्रश पाइपच्या मापाचाच घ्या, ६ इंची पाइपला ६ इंची. ड्रिलवर चालणारा ब्रश असेल तर ड्रिल कधीही उलटं फिरवू नका. दांड्यांचे आटे सुटून ब्रश चिमणीतच राहतो. काजळीचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास गेला की सफाई लांबवू नये. थर डांबरासारखा चकचकीत दिसत असेल, तर स्टोव्ह पेटवणं थांबवा आणि चिमणीवाल्याला बोलवा. तो थर म्हणजे घट्ट झालेलं क्रिओसोट, लाकडाच्या धुरातून जमणारा ज्वलनशील पदार्थ. साध्या ब्रशने ते निघत नाही आणि चिमणीला आग लागते ती त्यानेच.

सफाईनंतरही धूर घरात येतोय? आधी डॅम्पर पाहा. चकती परत बसवताना मूठ चुकीच्या दिशेला लागली, तर बाहेरून उघडा दिसणारा डॅम्पर आतून बंद असतो. म्हणून पाइप जोडण्याआधी आत टॉर्च मारून खात्री करा. डॅम्पर ठीक असेल तर स्टोव्हच्या छताशी असलेल्या आडव्या फळीवर वरून पडलेली काजळी साचली आहे का ते बघा; ही जागा हमखास विसरली जाते. मग चिमणीच्या टोपीची जाळी.

आणि थोड्याच दिवसांत पुन्हा थर धरत असेल, तर दोष ब्रशचा नाही. लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून डॅम्पर फार आवळला की धूर रेंगाळतो, थंड होतो आणि पाइपला चिकटतो. ओल्या लाकडाने तेच होतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ती मोजायचं छोटं मीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पेटवताना डॅम्पर पूर्ण उघडा ठेवा, आग नीट धरल्यावरच थोडा फिरवा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो लावल्याशिवाय डॅम्परला हातच लावू नका.