एका रात्रीत तीन एकांकिका: तयारीची यादी (सेट बदलाची तालीम घ्या!)

यंदा परत तीन एकांकिका करायचं ठरलंय, नवीन मंडळी पण बरीच आलीयेत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. पाठांतर करा, तालमीला वेळेवर या वगैरे लिहीत बसणार नाही, लहान आहात का.

मागच्या वर्षी जिथे माती खाल्ली ते आधी. सेट बदलाची तालीम. तिन्ही एकांकिका मस्त बसल्या होत्या, प्रत्येकीची रंगीत तालीम पण झालेली, पण पहिली संपल्यावर दुसरी उभी कशी राहणार याची तालीम घ्यायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही. पडदा पडला आणि दिवाण अर्ध्यातच अडकला, कारण ज्या विंगेतून (स्टेजच्या बाजूची आडोशाची जागा) तो बाहेर काढायचा तिथेच पुढच्या नाटकाचा दरवाज्याचा फ्लॅट (सेटची खोटी भिंत) टेकवून ठेवलेला. बाहेर लोकांना पडद्यातून "अरे तुझ्या बाजूने उचल ना" स्पष्ट ऐकू जातंय आणि निवेदिका बिचारी आभाराची यादी दुसऱ्यांदा वाचतेय. एवढं करून पडदा उघडला तर वाड्याच्या कोनाड्यात पहिल्या नाटकातला मिक्सर तसाच! काळ पेशवाईचा. एकांकिका गंभीर होती, लोक शेवटपर्यंत हसत होते.

तर आता कागदपत्रं. संहिता ठरली की त्याच आठवड्यात लेखकाची लेखी परवानगी, फोनवर "करा करा" म्हणाले हे चालत नाही. लेखक हयात नसले म्हणून नाटक फुकट होत नाही, मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. रूपांतर असेल तर मूळ लेखक आणि रूपांतरकार दोघांची घ्या, इथे हमखास एकाला विसरतात. आणि संहितेला महाराष्ट्र रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ज्याला आपण सगळे सेन्सॉर म्हणतो ते. आधी प्रयोग झालेली एकांकिका असेल तर लेखकाकडे बहुतेक असतंच, प्रत मागून घ्या. नवीन लिहिलेली असेल तर ती पाठवा आणि शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका प्लीज.

तारीख. ५ नोव्हेंबरचा हट्ट सोडा. रंगभूमी दिन आहे, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा खेळ केला, सगळं खरं, पण त्या दिवशी गावातल्या सगळ्या हौशी संस्थांना नाट्यगृह हवं असतं. आठवडाभर पुढेमागे घ्या, विष्णुदास रागावणार नाहीत. नाट्यगृह सत्राने मिळतं, आणि आपलं सत्र म्हणजे आत शिरून सेट लावण्यापासून सेट मोडून बाहेर पडेपर्यंत. आता हिशोब करा, चाळीस चाळीस मिनिटांच्या तीन म्हणजे दोन तास, मध्यंतर, निवेदन, दोन पाहुण्यांची भाषणं (एकच बोलवा ना), आणि मधले दोन बदल. बदल वीस वीस मिनिटांचे झाले तर तिसरी एकांकिका पळवावी लागते. मैदानावर केलं तर अजून वाईट, रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, मग शेवटच्या नाटकवाल्यांनी घसा फोडायचा का?

म्हणून बदलाचं नीट सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. क्रम ठरवताना कुणाचं नाटक भारी हे बघू नका, सेट बघा. सगळ्यात जड सेट पहिला ठेवा, तो आधीच लावता येतो. मोठा बदल मध्यंतरात जाऊ दे. पडद्यापुढे निवेदन करून भागवायचा आहे तो बदल सगळ्यात हलका हवा. बदल करणारी टोळी वेगळी, नटांनी हात लावायचा नाही, नटाला साडी बदलायची असते, दाढी लावायची असते, त्यात त्याला लेव्हल (सेटचा लाकडी चौथरा) उचलायला लावलं की एन्ट्री चुकलीच म्हणून समजा. टोळीचा एक मुकादम, त्याने स्वतः काहीही उचलायचं नाही, फक्त उभं राहून बघायचं आणि हळू आवाजात सांगायचं. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी, जाताना काय नेणार, येताना काय आणणार, रिकाम्या हाताने फेरी नाही. जुनं सामान डाव्या विंगेतून बाहेर, नवीन उजवीकडून आत, आणि जुनं पूर्ण गेल्याशिवाय नवीन येणार नाही. जमिनीवर खुर्ची-टेबलाच्या पायांच्या खुणा रंगीत टेपने करा, प्रत्येक नाटकाला वेगळा रंग, ज्या कोपऱ्यांना अंधारात ठेचा लागतात तिथे अंधारात चमकणारा रेडियम टेप. शेवटी मुकादमाने कोनाडे, टीपॉय, दिवाणाखाली सगळं बघायचं (मिक्सर!) आणि मगच पडदेवाल्याला इशारा.

आणि याची तालीम घ्यायची. घड्याळ लावून. नाट्यगृह आधी मिळत नसेल तर हॉलच्या फरशीवर स्टेजच्या मापाची चौकट टेपने आखा, विंगा पण आखा, आणि खरं सामान घेऊन करा. हवेत हात हलवून "इथून दिवाण गेला" असं नको, हवेतला दिवाण कुठेच अडकत नाही. पाच मिनिटांच्या आत येईपर्यंत करत राहा, मग एकदा दिवे घालवून करा. स्पर्धेत खेळलेली कॉलेजची पोरं असतील ना आपल्यात, त्यांना विचारा, तिथे सेट लावायला वेळ मोजून मिळतो म्हणून त्यांना हे येतं, आपण हौशी लोक चहा पीत शिकतो.

प्रकाशयोजनेची तिन्हीला मिळून एकच मूळ मांडणी ठेवा, वर प्रत्येकीचे दोन-तीन स्पॉट, प्रत्येक नाटकाला दिवे हलवायला कुणी शिडीवर चढणार नाहीये. विंगेत निळा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला एक बल्ब पाहिजेच, बदलवाल्यांना दिसतं आणि बाहेर उजेड जात नाही. पार्श्वसंगीत एका लॅपटॉपवर, क्रमाने नंबर टाकून, नेट बंद करून, दुसरी प्रत पेनड्राइव्हमध्ये. मोबाईलवरून वाजवायचं नाही, मरणाच्या सीनमध्ये फोन आला की झालं. माईकचं नाट्यगृहाच्या माणसाशी आधी बोला, चहा पाजा.

प्रॉपर्टीला (नाटकात हाताळायच्या वस्तू) तीन वेगळी टेबलं, वर कागद चिकटवून जागा आखलेल्या, जी जागा रिकामी दिसेल ती वस्तू हरवली. कपडे इस्त्री करून, नावासकट. सेफ्टी पिना भरपूर आणा, कमीच पडतात.

प्रयोगाचा दिवस: टेम्पो सकाळीच, सेट लावा, लाइट, साउंड, आणि सगळी तालीम करायला वेळ उरणार नाही, मग काय कराल? एका नाटकाची शेवटची दोन मिनिटं आणि पुढच्याची पहिली दोन मिनिटं, मधे पूर्ण बदल. फक्त तेवढंच. संवाद गेले तर प्रॉम्प्टर आहे, दिवाण गेला तर कोणी नाही.

नारळ, पूजा, पेढे वगैरे ज्याला हौस आहे तो बघेल. तिसरी घंटा वेळेवर, पाहुणे येवोत न येवोत.

नंतरचं थोडक्यात. फोटो मेकअप उतरायच्या आत. उसन्या वस्तू त्याच रात्री वेगळ्या, ज्यांच्या घरून पितळी घंगाळं आणलंय त्यांना ते उद्याच पाहिजे असतं. खिळे, टेपचे तुकडे उचला, नाहीतर नाट्यगृहवाले डिपॉझिट कापतात. आणि डिपॉझिटची पावती ज्याच्याकडे असेल त्याने फोटो काढून आत्ताच ग्रुपवर टाका.