चिंगी उतू जायच्या आधी

पहिल्याच रविवारी माझ्या कुत्रीने, चिंगीने, माझ्या कुर्त्याची बाही कोपरापर्यंत फाडली. तीन उड्या आणि शेवटी बोगदा, एवढाच सराव ठरला होता. पहिली उडी तिने सुरेख मारली. दुसरीनंतर ती माझ्याकडे तोंड करून भुंकायला लागली. तिसरीकडे तिने पाहिलंही नाही. बाही दातांत धरली, हिसका दिला आणि पाठ वाकवून, शेपूट पोटाशी घेऊन मैदानाभोवती सुसाट फेऱ्या मारत सुटली. कडेला उभे असलेले लोक कौतुकाने म्हणाले, "किती खूश झालीय बघा!" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. पुण्याबाहेर पिरंगुटजवळच्या एका छोट्या मैदानावर मी दर रविवारी अ‍ॅजिलिटीच्या, म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर कुत्र्याने अडथळे पार करायच्या खेळाच्या, सरावाला जाते आणि गेलं वर्षभर नव्याने येणाऱ्यांना थोडी मदत करते. बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: घरी सगळं ऐकणारा कुत्रा मैदानावर बहिरा कसा होतो? त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे.

अ‍ॅजिलिटीचा जन्मच गर्दीसमोर झाला. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून, घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून हा खेळ बेतला गेला. आज त्यात उड्या आहेत, बोगदा आहे, ए-फ्रेम म्हणजे दोन फळ्यांचा चढ-उतार, उंचावरची अरुंद फळी, सीसॉ आणि ६० सेंटीमीटर अंतराने रोवलेल्या १२ काठ्यांमधून नागमोडी जाणं आहे. स्पर्धेत हातात खाऊ नेता येत नाही, खेळणं नेता येत नाही, कुत्र्याला हात लावता येत नाही. तुमच्याकडे फक्त तुमचा आवाज आणि तुमचं अंग. त्यामुळे ज्या कुत्र्याला त्या क्षणी ऐकूच येत नाही, त्याच्यासोबत हा खेळ खेळता येत नाही, मग तो कितीही उंच उडी मारो.

चिंगी गावठी आहे. सिंहगड रस्त्यावर एका बांधकामाजवळ सापडली तेव्हा तीन महिन्यांची असेल. बाही फाडल्यानंतर मी ज्या प्रशिक्षकांकडे गेले, त्यांनी गळ्यात फास बसणारी साखळी घालायला लावली आणि भुंकली की झटका द्यायला सांगितलं. दोन आठवड्यांत भुंकणं थांबलं. पण ती मैदानाच्या फाटकाशीच खाली बसायला लागली, आणि पट्टा सोडला की पूर्वीसारखीच पळत सुटायची. आवाज बंद झाला होता, आतली खळबळ जशीच्या तशी होती. ती साखळी मी पुन्हा कधी वापरली नाही. नवख्या माणसाला हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण हा सल्ला देणारे फार भेटतात आणि पहिल्या आठवड्यात तो लागू पडल्यासारखा दिसतो.

आमच्या मैदानावरच्या ताईंनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे फोन तिपाईवर लावून सराव चित्रित करायचा आणि घरी जाऊन तो हळू करून बघायचा. मी बघितला आणि गप्प झाले. दोन अडथळ्यांमध्ये साधारण ५ ते ७ मीटर अंतर असतं. सेकंदाला ४-५ मीटर धावणारी कुत्री ते सव्वा-दीड सेकंदात पार करते. पुढे कुठे वळायचं हे तिला आधीच्या उडीसाठी पाय उचलण्यापूर्वी कळायला हवं, म्हणजे ती हवेतच अंग वळवू शकते. मी मात्र ती जमिनीवर उतरल्यावर हात दाखवत होते. प्रत्येक वेळी. ती उतरायची, माझ्याकडे बघायची, उत्तर मिळायचं नाही, मग भुंकायची. दुसऱ्यांदा असंच झालं की अंगावर यायची. चित्रफितीत हा क्रम इतका स्वच्छ दिसत होता की वाद घालायला जागाच नव्हती. तिच्या भुंकण्यातला निदान निम्मा भाग हा मला विचारलेला प्रश्न होता.

म्हणून पुढचे दोन महिने सराव मी केला, तिने नाही. चिंगीला घरी ठेवून मी रिकाम्या मैदानावर एकटी धावायचे, कुठे कोणता हात, कुठे खांदा वळवायचा, कुठून मागे सरकायचं हे पाठ होईपर्यंत. हे करताना संकोच वाटतो, तरी करा. तुम्हाला स्वतःला मार्ग पाठ नसेल तर कुत्र्याला सोबत घेऊ नका. तेवढ्यानेच अनेक कुत्र्यांचं भुंकणं निम्म्यावर येतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उरलेली खळबळ मात्र माझ्या हातांमुळे नव्हती. ती गाडीतच सुरू व्हायची.

१९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले होते. त्यातून निघालेलं सूत्र आज प्राणी शिकवणारे आणि माणसं शिकवणारे दोघेही वापरतात: थोडी उत्तेजना असली की काम चांगलं होतं, ती एका मर्यादेपलीकडे गेली की बिघडतं, आणि काम जितकं अवघड तितकी ती मर्यादा लवकर येते. सरळ बोगद्यातून चिंगी कितीही पेटलेली असली तरी जाते. १२ काठ्यांमधून जाताना मात्र प्रत्येक पावलाला विचार लागतो, आणि पेटलेल्या कुत्रीकडून तो होत नाही. मला स्वतःला हे समजलं ते दुधाच्या पातेल्यावरून. दूध वर यायला लागलं की आपण गॅस बारीक करतो. उतू गेल्यावर करण्यासारखं काही उरत नाही, फक्त ओटा पुसायचा. पाठ वाकवून फेऱ्या मारणारी कुत्री उतू गेलेली असते. त्या क्षणी हाका मारून, ओरडून, मागे धावून काही हाती लागत नाही. पट्टा लावता आला की लावा, मैदानाबाहेर जा, त्या दिवसाचा सराव संपला. शिकवायचं असतं ते त्याच्या बरंच आधी.

ते आधीचं दिसायला लागणं हेच खरं शिक्षण आहे, आणि त्याला वेळ लागतो. चिंगीची सगळ्यात भरवशाची खूण खाऊत आहे. मी उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे नेते. ती शांत असते तेव्हा जिभेने आणि ओठांनी अलगद उचलते. चढायला लागली की दात बोटांना लागतात. आणखी चढली की तुकडा हिसकावून घेते आणि न चावता गिळते. त्यापुढे तोंडच फिरवते, आवडतं चिकन समोर असून तिला ते दिसत नाही. बोटांना दात लागले की मी थांबते, हा माझा नियम. दुसऱ्या खुणा प्रत्येक कुत्र्याच्या वेगळ्या असतात: ऊन नसताना धाप, ओठांचे कोपरे मागे खेचलेले, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या, बस म्हटल्यावर ढुंगण जमिनीला टेकून लगेच उचलणं. उडीची आडवी नळी वारंवार पडायला लागली तरी ती एक खूण समजा. तुमच्या कुत्र्याच्या खुणा वहीत लिहून काढा, क्रमाने. मी लिहिल्या तेव्हा लक्षात आलं की मी कायम चौथ्या खुणेला थांबत होते, पहिलीला नाही.

आता गाडी आणि फाटक. चांदणी चौक ओलांडला की चिंगी कण्हायला लागायची, आणि फाटकापर्यंत पोचताना ती पट्ट्याच्या टोकाला दोन पायांवर उभी असायची. तशा अवस्थेत आत नेलं की पुढचा तास वाया. म्हणून सहा आठवडे आम्ही आत गेलोच नाही. गाडी लांब लावायची. दार उघडायच्या आधी ती बसली पाहिजे, मागच्या सीटवर का होईना. उतरल्यावर पट्टा ढिला असेपर्यंत चालायचं, ताणला की मी झाडासारखी उभी. पहिल्या दिवशी गाडीपासून फाटकापर्यंतची पन्नास पावलं चालायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागली, आणि फाटकाला हात लावून आम्ही परत आलो. घरच्यांना हे पटत नव्हतं. पेट्रोल जाळून फाटक बघायला जातेस का, असं आई विचारायची. पण पाचव्या आठवड्यात चिंगीने फाटकाशी पोचून जमीन हुंगली, अंग झटकलं आणि माझ्याकडे बघितलं. कुणीही न सांगता. तोवरच्या माझ्या कुत्रे सांभाळण्याच्या काळातला मला सगळ्यात जास्त आठवणारा क्षण तो आहे.

आत गेल्यावर सतरंजीचा तुकडा लागतो. घरी रोज रात्री जेवणं झाली की तो जमिनीवर टाकायचा, ती त्यावर आडवी झाली की पुढच्या पायांमध्ये एकेक तुकडा ठेवायचा, बोलायचं नाही. महिनाभरात सतरंजी दिसली की तिची मान खाली यायला लागली. मग तोच तुकडा गच्चीवर, मग इमारतीच्या खाली, मग मैदानाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. दुसऱ्यांचे कुत्रे धावताना बघणं हे कित्येक कुत्र्यांना स्वतः धावण्यापेक्षा जास्त चढवतं, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. आपला नंबर येईपर्यंत कुत्र्याला दोरीशी धरून बघत उभं राहणं ही आमच्या मैदानावरची सगळ्यात वाईट सवय होती. आता आम्ही मध्ये जुन्या चादरींचा आडोसा बांधतो.

खाली येण्यासाठी आणखी एक साधी गोष्ट: मूठभर खाऊ गवतात विखरून टाका. नाक खाली गेलं, हुंगण्यात गुंतलं की कुत्रा निवळायला लागतो. प्रत्येक धावेनंतर हे करा, चढण्याची वाट बघू नका. आणि ओढाताणीचं खेळणं वापरत असाल तर आधी घरी "सोड" पक्कं करा. खेळणं स्वतःच्या मांडीला चिकटवून निश्चल धरायचं, ओढायचं नाही, बोलायचं नाही. तिने तोंड उघडलं त्याच क्षणी पुन्हा खेळ सुरू. सोडलं की खेळ संपत नाही, पुन्हा सुरू होतो, हे तिला कळलं की भांडण उरत नाही.

सुरुवातीच्या रेषेवरचं थांबणंही याच तत्त्वावर उभं आहे. चिंगीला बोगदा चिकनपेक्षा प्रिय आहे, मग शांत बसण्याचं बक्षीस बोगदाच. दोन सेकंद स्थिर, "चल", बोगदा. मग चार सेकंद. मग मी दोन पावलं पुढे. तीनदा गेले तर एकदा तरी परत तिच्यापाशी येऊन खाऊ देते, नाहीतर माझं पुढे जाणं हीच तिच्यासाठी सुटण्याची खूण बनते. ती उठली तर रागवायचं नाही, परत जागेवर नेऊन वेळ कमी करायचा. एकाच दिवसात तीनदा उठली तर चूक तिची नाही, मी फार मागते आहे.

सराव छोटा ठेवा. आमच्या पूर्ण तासात प्रत्यक्ष धावणं बारा-पंधरा मिनिटं असतं, तेही तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत. धावताना चूक झाली तर मध्येच तोडून "नाही, नाही" करू नका, पुढचा सोपा अडथळा घेऊन शांतपणे संपवा. अडवलेली कुत्री चिडते, आणि चिडलेली कुत्री आणखी चढते.

साहित्याचं फार मनावर घेऊ नका. पीव्हीसी नळ्यांच्या उड्या घरी होतात, बोगदा मुलांचा चालतो, फक्त दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टेकवा. पिल्लू असेल तर नळ्या जमिनीवरच ठेवा. हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना आणखी, आणि पूर्ण उंचीच्या उड्या त्यानंतरच. घरातल्या गुळगुळीत फरशीवर उडी मुळीच नको.

पुण्याचं म्हणून दोन गोष्टी. मार्चनंतर सकाळी सातच्या आत संपवा. कुत्र्याचं अंग मुख्यतः धापेनेच थंड होतं, आणि चढलेल्या कुत्रीची धाप उन्हाची की उत्तेजनेची हे ओळखता येत नाही, तेव्हा धोका पत्करू नका. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्या-दीड महिन्यात नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की चिंगी रात्रभर नीट झोपत नाही. त्या काळात आम्ही मैदान बंद ठेवतो, फक्त हुंगत हुंगत लांब फिरायला जातो. शरीरात साचलेला ताण एका रात्रीत ओसरत नाही, त्यावर आणखी उड्या घालू नयेत. एरवी शांत असलेली कुत्री अचानक चढायला लागली तर आधी डॉक्टरांना दाखवा. गेल्या वर्षी चिंगी पुन्हा भुंकायला लागली होती, आणि निघाला तो मागच्या पायाचा मुरगळा.

गेल्या रविवारी एक मुलगी दहा महिन्यांचा लॅब्रेडॉर घेऊन आली. तो फाटकातच किंचाळत होता, तिचे हात दोरीने लाल झाले होते, आणि ती सारखी लोकांची माफी मागत होती. मी तिला कडुनिंबामागे बसवलं, सतरंजी दिली, चिकन दिलं आणि अडथळ्यांकडे बघूही नकोस म्हटलं. पहिली दहा मिनिटं त्याने एकही तुकडा घेतला नाही. चौदाव्या मिनिटाला त्याने नाक खाली केलं, गवतातला एक तुकडा उचलला आणि चावून खाल्ला. "आता उड्या?" तिने विचारलं. आता घरी, मी म्हटलं. ती पट्टा ढिला धरून गाडीपर्यंत चालत गेली.