ड्रिलचा किल्ट, पावणेदोन मीटरमध्ये

ग्लासगोला शिकायला असलेला भाचा मेमध्ये आला आणि म्हणाला, "मावशी, मला किल्ट शिवून देशील? तिथं त्याचे काही शे पौंड पडतात." सांगलीत बावीस वर्षं शिवणकाम करतेय, पण किल्ट, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो चुण्यांचा घागरा, पहिलाच.

अस्सल किल्टला आठ यार्ड लोकरी टार्टन, म्हणजे चौकडीचं कापड, लागतं. आमच्याकडे मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, तिथं लोकर कोण नेसणार? आणि चौकडी नसली म्हणून काही बिघडत नाही. लंडन स्कॉटिश या ब्रिटिश पलटणीचा किल्ट एकरंगीच असायचा. किल्टचा खरा जीव पाठीमागच्या प्लेट्समध्ये, म्हणजे चुण्यांमध्ये. म्हणून कापडपेठेतून मेंदी रंगाचं सुती ड्रिल, म्हणजे जाड विणीचं कापड, घेतलं, ५८ पन्ना (५८ इंच रुंद), पावणेदोन मीटर. चौकडीच हवी असेल तर गणवेशाचं चेक्सचं कापड स्वस्त पडतं, पण जोडावर चौकट जुळवायला वेळ जातो.

ड्रिल रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. मग पन्ना मधोमध कापून दोन लांब पट्ट्या करा आणि टोकाला टोक जोडा. जोड प्लेटच्या आत लपवायचा.

माप सीटचं, म्हणजे नितंबांच्या घेराचं, इंचांत घ्या. भाच्याची सीट ४०, कंबर ३४. म्हणजे पुढचे दोन सपाट पदर २०-२० इंचांचे, एकावर एक येणारे. मागच्या २० इंचांत दहा प्लेट्स: दोन इंच बाहेर दिसतात, चार आत जातात. उरलेलं कापड पदराच्या कडेला आत खोल घडीत घाला.

इथंच माझं पहिल्यांदा चुकलं. प्लेट्स वरपासून खालपर्यंत सारख्याच ठेवल्या, तर कमरेवर किल्ट फुगून उभा राहिला. सगळं उसवलं. सीटवर दोन इंच दिसणारी प्लेट कमरेवर १.७ इंच हवी. खडूनं दोन्ही खुणा करा, कच्चा टाका घाला, मग कमरेपासून सीटपर्यंतच टीप मारा. खाली प्लेट मोकळीच राहू द्या. चालताना ती झुलली पाहिजे.

लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत, खाली दीड इंच दुमड. कमरपट्टीत बक्रम, म्हणजे ताठपणासाठीचं कडक अस्तर, घाला. वरच्या पदराची मोकळी कड नेसणाऱ्याच्या उजव्या बाजूला. चामड्याच्या पट्ट्यांऐवजी पँटचे हुक चालतात. स्पोरन, म्हणजे पुढं लटकणारी थैली, महाग असते. मी दोन्ही बाजूंना खिसे लावले.

सगळा खर्च हजाराच्या आत. भाचा त्यावर टी-शर्ट आणि कोल्हापुरी घालून गणपती मंदिरापर्यंत चालत जाऊन आला, आणि आता काळ्या रंगात दुसरा मागतोय.