सांगलीत गुंठा-दोन गुंठे घेताय? नुसता सातबारा बघून विसार देऊ नका

सांगली-मिरज भागात जागेचा व्यवहार निघाला की समोरची पार्टी आधी सातबारा पुढं करते. "नाव माझंच आहे की, बघा." घेणारा तेवढ्यावर विसार देऊन मोकळा होतो. सातबारा हा मुळात महसूल खात्याचा अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार उलट सिद्ध होईपर्यंत त्यातली नोंद खरी धरतात, एवढंच त्याचं वजन. मालकी येते ती खरेदीखत, वाटप, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा वारसा यांतून. त्यामुळं नावाशेजारचा फेरफार नंबर घ्या आणि तो फेरफार (नाव कसं बदललं याची नोंद) काढून वाचा. जमीन त्या नावावर कशी आली, हे तिथं कळतं.

नावापुढं 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' दिसलं तर जरा थांबा. तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता म्हणून लागलेला असतो. जमीन त्याच्या एकट्याची नाही.

मग 'इतर हक्क' हा रकाना. खरी मेख इथं असते. वडील वारल्यावर भावांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे धारकांच्या रकान्यात, आणि बहिणींची इतर हक्कात, अशी आपल्याकडं जुनी पद्धत. "त्या इतर हक्कात आहेत, त्यांचा काय संबंध?" असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. संबंध पुरेपूर आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. "बहिणी काय मागायच्या नाहीत हो" हे वाक्य ऐकलं, की बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, नाहीतर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या. तलाठ्यापुढच्या जबाबावर भागवू नका.

सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कूळ, पुनर्वसनाचा शेरा हेही याच रकान्यात सापडतं. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी, मग व्यवहार, नाहीतर शर्तभंग.

गुंठेवारीत, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून होणाऱ्या विक्रीत, वेगळाच घोळ. स्टँप पेपरवर करार, खाली नोटरीचा शिक्का, आणि घेणारा निर्धास्त. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, त्यानं मालकी सरकत नाही. शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडच्या नोंदणीशिवाय होत नाही. कुलमुखत्यारपत्र घेऊन मालक होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. साठेखतानं, म्हणजे पुढं विकण्याच्या करारानं, मिळतो तो खरेदीखत मागण्याचा हक्क. गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला असला, तरी विकणाऱ्याच्या मालकीतलं भोक त्यानं बुजत नाही.

असा कागद आधीच झाला असेल तर विकणारा हयात आणि बोलण्यात आहे तोवर खरेदीखत करून घ्या. टाळाटाळ करत असेल तर वकिलामार्फत नोटीस द्या. करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर दाव्याची मुदत त्या तारखेपासून तीन वर्षं. तारीख नसेल तर त्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. "बघू दिवाळीनंतर" करत बसणाऱ्यांची मुदत अशीच निघून जाते.

सामाईक सातबाऱ्यातला हिस्सा घेतला तर हातात येतो अविभक्त हिस्सा, रस्त्याकडेचा तुकडा नव्हे. वाटप आणि मोजणी आधी उरकून घ्या.

पूररेषा कोणी विचारतच नाही. कृष्णेची निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळणं अवघड. महापालिकेत नकाशा बघाच, पण आयर्विन पुलावर किती फूट पाणी असताना या गल्लीत शिरलं, २०१९ च्या पुरात कुठवर होतं, हे शेजारच्या घरात विचारा. विकणाऱ्याला नको.

खरेदीखत झालं की फेरफाराकडं लक्ष ठेवा. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात. नोंद रद्द झाली तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्याकडं अपील करा. नुसती लेखनातली चूक असेल, क्षेत्राचा आकडा किंवा नावातलं अक्षर, तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडं अर्ज द्या.