उजव्या हाताच्या नेमबाजाने डाव्या हाताचा नेम कसा सुधारावा

उजवा खांदा किंवा कोपर दुखावल्यामुळे, मनगटाला विश्रांती देण्याच्या वैद्यकीय सल्ल्यामुळे किंवा डावा डोळा प्रबळ असल्याचे उशिरा लक्षात आल्यामुळे एअर पिस्तूल डाव्या हातात घेण्याची वेळ अनेक नेमबाजांवर येते. अशा वेळी पहिल्या दिवशीचे टार्गेट पाहून 'हातात ताकदच नाही' असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि डंबेल उचलण्यास सुरुवात होते. ताकद हा या प्रश्नाचा लहानसा भाग आहे. उजव्या हातासाठी वर्षानुवर्षे बसवलेली ग्रिप (पिस्तुलाची मूठ), उभे राहण्याची पद्धत आणि डोक्याची ठेवण तशीच ठेवून केवळ हात बदलल्याने नेम बिघडतो. हंगेरीच्या कारोय ताकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नेमबाजी नव्याने शिकून 1948 च्या लंडन आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. पुढील विवेचन 10 मीटर एअर पिस्तुलापुरते, म्हणजे एकाच हाताने, मनगटाला कोणताही आधार न देता केल्या जाणाऱ्या नेमबाजीपुरते आहे.

सराव मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. हात बदलला की सुरक्षिततेच्या सवयीही उलटतात, हे विशेष लक्षात ठेवावे. पेलेट (एअर पिस्तुलाची छोटी गोळी) भरण्याचे काम आता उजव्या हाताकडे येते आणि त्या अनोळखी हालचालीत पिस्तुलाची नळी नकळत शेजारच्या लेनकडे वळते. त्यामुळे पहिल्या काही सत्रांत पिस्तूल टेबलावर टेकवून, नळी टार्गेटकडेच ठेवून, सावकाश पेलेट भरावे आणि हात वर जाऊन साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर असलेली पुढची फ्रंट आणि मागची खाचेची रिअर खूण) टार्गेटच्या परिसरात येईपर्यंत तर्जनी ट्रिगरबाहेर ठेवावी.

स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप तळहाताच्या आकारानुसार घडवलेली असते. उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात धरल्यास अंगठ्याची खाच आणि तळहाताचा टेका दोन्ही चुकीच्या बाजूला येतात. अशा ग्रिपवर घेतलेली मेहनत वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. डावखुऱ्यांसाठीची ग्रिप मिळेपर्यंत क्लबमधील दोन्ही हातांना चालणारी साधी ग्रिप वापरावी. पकड दररोज सारखीच बसली पाहिजे, म्हणून उजव्या हाताने पिस्तूल नळीच्या बाजूने धरून ते डाव्या हाताच्या पंजात बसवावे आणि मगच बोटे मिटावीत.

यानंतर डोळ्याचा प्रश्न येतो. दोन्ही तळहातांच्या मधल्या लहान फटीतून दूरची एखादी वस्तू पाहावी. नाशिकमध्ये मोकळ्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसत असेल, तर त्याचा माथा या कामी उत्तम आहे. एकेक डोळा मिटून पाहिल्यास ज्या डोळ्याला तो माथा फटीतच दिसत राहतो, तो प्रबळ डोळा होय. डावा डोळा प्रबळ असेल, तर काम सोपे झाले. उजवा असेल, तर टार्गेटकडे पूर्ण आडवे उभे न राहता छाती थोडी टार्गेटकडे वळवावी, म्हणजे मान न ताणता उजवा डोळा साइटच्या मागे येतो. न वापरायचा डोळा घट्ट मिटण्याऐवजी त्यापुढे छोटा पडदा लावावा, कारण मिटलेल्या डोळ्याचा ताण दुसऱ्या डोळ्यावरही येतो.

उभे राहताना डावा पाय पुढे, पायांत खांद्याएवढे अंतर आणि उजवा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून स्थिर ठेवावा. डोळे मिटून हात उचलावा, दोन श्वास थांबावे आणि डोळे उघडावेत. साइट टार्गेटच्या बाजूला गेली असेल, तर हाताने ओढून आणू नये. मागचा पाय किंचित सरकवून संपूर्ण शरीरच वळवावे. उजव्या हाताने खेळताना ही तपासणी सवयीने टाळता येते, डाव्या हाताला ती प्रत्येक मालिकेपूर्वी हवी.

आता मूळ मुद्दा. 10 मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरने दूर जाते. हात थरथरून संपूर्ण पिस्तूल 3 मिलिमीटर बाजूला सरकले, पण दोन्ही साइट एका रेषेत राहिल्या, तर पेलेटही साधारण तेवढेच बाजूला लागते. दहा मिळण्याची आशा राहते. याउलट, दोन साइटमध्ये सुमारे 320 मिलिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलावर फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत केवळ 1 मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर जवळजवळ 31 मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे चार वर्तुळे हातची जातात. डावा हात हलणारच. त्याला हलू द्यावे आणि नजर काळ्या वर्तुळावर न ठेवता फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर खिळवावी. काळे वर्तुळ धूसर दिसले, तरच नजर योग्य जागी आहे.

दोन साइटची ही रेषा सर्वाधिक मोडते ती ट्रिगर दाबताना. नियमानुसार एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅम वजन असावे लागते. डाव्या तर्जनीला एकटे हलण्याची सवय नसल्याने तिच्याबरोबर बाकीची बोटेही आवळली जातात आणि पेलेट खाली उजवीकडे जाते. उजव्या हाताच्या नेमबाजाला हीच चूक खाली डावीकडे दिसत आलेली असल्याने तो ती ओळखत नाही आणि साइटचे स्क्रू फिरवत बसतो. यावर ड्राय फायरिंगखेरीज, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबण्याच्या सरावाखेरीज, उपाय नाही. रिकामे असल्याची दोनदा खात्री केलेले पिस्तूल कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर धरावे, ट्रिगरचा पहिला टप्पा (सुरुवातीचा हलका दाब) घेऊन थांबावे, मग दाब सरळ मागे वाढवत न्यावा आणि 'टक्' होण्याच्या क्षणी फ्रंट साइट कोठे सरकली ते पाहावे. 8 ते 10 सेकंदांत शॉट सुटला नाही, तर हात खाली घ्यावा. ओढूनताणून सोडलेला शॉट चुकीचीच सवय लावतो. सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्यक्ष पेलेटपेक्षा ड्रायची संख्या कितीतरी अधिक असावी.

निवृत्त पोलीस अधिकारी आणि क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांचे वास्तव्य लाभलेल्या नाशिक शहरात मनाच्या तयारीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तरीही डाव्या हाताच्या सरावात गुण मोजण्याचा मोह आवरत नाही. तो टाळण्यासाठी टार्गेट उलटे लावून कोऱ्या बाजूवर पाच-पाच शॉट घ्यावेत आणि केवळ ग्रुपिंग, म्हणजे शॉट एकमेकांच्या किती जवळ पडले, ते पाहावे. आडवे पसरलेले ग्रुपिंग बहुधा उभे राहण्यातील दोष दाखवते, उभे पसरलेले श्वास किंवा थकलेला खांदा.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या सकाळी बोटे आखडतात आणि डाव्या तर्जनीला ट्रिगरचा टप्पाच कळेनासा होतो. त्या दिवसांत तळवे चोळून ऊब आल्याशिवाय पहिला शॉट घेऊ नये. खांदा थरथरू लागताच सत्र थांबवावे. थोडा वेळ रोज, हे आठवड्यातून एकदा दीर्घकाळ करण्यापेक्षा कधीही बरे. ग्रुपिंग एकाच जागी घट्ट येऊ लागल्यावरच रिअर साइटला हात लावावा: शॉट ज्या दिशेला न्यायचे, त्याच दिशेला ती सरकवावी. पिस्तूल उजव्या हातानेही वापरले जाणार असेल, तर साइटचा स्क्रू किती क्लिक फिरवला ते दोन्ही हातांसाठी वहीत वेगवेगळे लिहून ठेवावे.