गायरानाच्या हक्कासाठी मोर्चा: तयारीपासून लेखी आश्वासनापर्यंत

मराठवाड्यात हजारो दलित आणि भटकी-विमुक्त कुटुंबं वर्षानुवर्षं गायरान, म्हणजे गावाची सरकारी चराऊ जमीन, कसतात, पण सातबाऱ्यावर नाव सरकारचं. म्हणून पीककर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, आणि उभ्या पिकात कुणी गुरं घातली तर 'जमीन तुमची कुठंय?' हे ऐकावं लागतं. गरिबी आणि जातीचा अन्याय इथे वेगळे काढताच येत नाहीत. या प्रश्नावर जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा न्यायचा असेल तर किमान दोन महिने आधी कामाला लागा.

सुरुवात कागदांपासून करा. गायरानावरचे जुने कब्जे नियमित करण्याच्या 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाचा आधार घ्यायचा तर 14 एप्रिल 1990 पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. त्यासाठी गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, जुनी पीकपाहणी आणि दंडाच्या पावत्या लागतात. दंडाची पावती म्हणजे सरकारनेच दिलेला कब्जाचा पुरावा, पण अनेक घरांत ती शिक्षेचा कागद समजून फेकून दिलेली असते. 1-ई ची नक्कल तलाठ्याकडून मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रत्येक कुटुंबाची वेगळी फाईल आणि सगळ्यांची मिळून एक यादी करा: गाव, गट नंबर, क्षेत्र, कोणत्या सालापासून कब्जा, कोणता पुरावा. 2022 मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला होता. कचेरीत तोच पुढे केला जातो. त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही, या यादीने देता येतं.

मागण्या पाचच्या वर नकोत, आणि प्रत्येक मागणी कुणाच्या सहीने सुटते ते आधी ठरवा. स्थळपाहणी आणि पंचनामा तहसीलदाराच्या हातात, प्रस्ताव पुढे पाठवणं जिल्हाधिकाऱ्यांच्या, धोरण मंत्रालयाच्या. 'गायरान नावावर झालंच पाहिजे' एवढंच लिहिलं तर 'आपल्या भावना शासनास कळविण्यात येतील' असं पत्र हातात पडतं आणि लोक रिकामे परततात. त्याऐवजी 'सोबतच्या यादीतील गटांची स्थळपाहणी 45 दिवसांत पूर्ण करावी' असं लिहा.

तारीख ठरवताना लोकांचं पोट बघा. बीड-धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात; जानेवारीत मोर्चा ठेवला तर ज्यांचा प्रश्न तेच नसतात. पेरणी-काढणीचे दिवस टाळा. खुरपणी उरकल्यावर, सुगी लागण्याआधीचे ऑगस्ट-सप्टेंबरचे दिवस बरे. शनिवार-रविवारी कचेरी बंद. त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा नाही ना, तेही पाहा. येणाऱ्याची एका दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा वर्गणी पैशांतच मागू नका. ज्वारी, डाळ, गाडीचं डिझेल, ज्याला जे झेपेल ते. हिशेब गावात वाचून दाखवा.

पोलीस ठाण्याला आठ-दहा दिवस आधी लेखी कळवा: मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, वाहनतळ, जबाबदार पाच जणांची नावं. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या; शिक्का नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो. त्यात काठ्यांना बंदी असते, म्हणून झेंड्याला जाड दांडा नको. कापडी फलक हातात धरा. परवानगी नाकारली तर कारणासह लेखी मागा. तोंडी नकार घेऊन उच्च न्यायालयात काही मांडता येत नाही.

हजार लोकांचा हिशेब असा. 25 माणसांमागे एक स्वयंसेवक म्हणजे 40, त्यातल्या निम्म्या बाया. चारच्या रांगेत चाललात तर मोर्चा साधारण चारशे मीटर लांब होतो. पुढच्याची घोषणा मागे पोचत नाही, म्हणून पुढे, मध्ये आणि शेवटी हातातले तीन भोंगे ठेवा. वेग पुढच्या म्हाताऱ्या बायांचा. तरुण पोरं पुढे गेली की मोर्चा तुटतो आणि त्या फटीत वाहनं घुसतात. माणशी तीन लिटर पाणी, म्हणजे 5,000 लिटरचा एक टँकर पुरून उरतो. चक्कर आलेल्यासाठी एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बायांच्या लघवीची सोय आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. ती नसेल तर बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी उन्हात कोसळतात.

स्वयंसेवकांची तालीम आदल्या आठवड्यात घ्या. दोघं शिव्या देणारे, एक ढकलणारा, बाकीचे साखळी धरून खाली बसणारे. दगड आला की उठायचं नाही, बसायचं; फेकणारा एकटा पडतो आणि मोबाईलमध्ये दिसतो. आपल्यातच कुणी अनोळखी माणूस भडकावत असेल तर त्याच्याभोवती चौघांनी उभं राहून शांतपणे त्याला कडेला न्यायचं, मारायचं नाही.

20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपाकडे परतले, तेव्हा आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पसरली आणि बेसावध लोकांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही. धोका मोर्चा चालताना कमी आणि पांगताना जास्त, हे त्यातून घ्यायचं. गाड्या गावनिहाय उभ्या करा, माणसं मोजून बसवा, शेवटची गाडी निघेपर्यंत स्वयंसेवक हलणार नाहीत.

शिष्टमंडळ पाच जणांचं, त्यात दोन बाया कसणाऱ्या. निवेदन निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे द्या असं सांगतील. लोक शांत बसून राहिले तर जिल्हाधिकारी भेटतात. उत्तर लेखी घ्या: काम, तारीख, जबाबदार अधिकाऱ्याचं पद, पुढच्या बैठकीचा दिवस. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी, त्यात बहुसंख्य वनजमीन कसणारे आदिवासी, शेवटच्या रात्री मुंबईत सोमय्या मैदानातून आझाद मैदानापर्यंत रात्रीच चालले, कारण सकाळी दहावीचा पेपर होता. त्या शिस्तीने अख्खी मुंबई त्यांच्या बाजूने झाली. लेखी आश्वासनही मिळालं, तरी 2023 मध्ये पुन्हा चालावं लागलं. म्हणून दर पंधरा दिवसांनी कचेरीत जाऊन विचारणारी तीन माणसं त्याच दिवशी नेमा.

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर नावांची यादी बाहेर वकिलाकडे हवी. अटक असेल तर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि महिला अधिकारी लागते.

मोर्चानंतरचे पंधरा दिवस गावावर लक्ष ठेवा. कामावर न बोलावणं, किराणा बंद करणं, वस्तीचं पाणी तोडणं हे सगळं याच काळात होतं. तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा आणि अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्या. सामाजिक-आर्थिक बहिष्कार त्यात गुन्हा आहे. कलम 18-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे ठाणेदाराला दाखवायला कायद्याची छापील प्रत सोबत न्या. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. तक्रारीची एक प्रत थेट त्यांच्याकडे द्या.