वाडीतल्या सगळ्या भाषांचा वाचनवर्ग कसा सुरू कराल

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी मालवणी. आंब्याच्या बागा राखायला आलेल्या कुटुंबांत नेपाळी, आणि दिवाळीनंतर चिरेखाणीवर येणाऱ्यांच्या झोपड्यांत कानडी. मुसलमानवाडीतली मुलं घरात कोकणी बोलतात, पण शिकतात उर्दू शाळेत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनासाठी, म्हणजे ८ सप्टेंबरसाठी, युनेस्कोने बहुभाषिक शिक्षण आणि त्यातून परस्परसामंजस्य व शांतता हाच विषय दिला होता. आपल्या किनाऱ्यावर हे काम करायला वेगळी योजना यावी लागत नाही. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी मिळते. शाळा व्यवस्थापन समितीला सांगा, वर्ग उघडा ठेवा आणि सुरू करा.

आधी वाडीत फिरा. दारात उभं राहून “मातृभाषा कोणती?” असं विचारू नका. समोर शिक्षक दिसले की माणसं “मराठी” म्हणून मोकळी होतात. “आजी जेवायला कशी हाक मारते?” असं विचारा, म्हणजे घरातली बोली आपसूक कानावर पडते. वहीत घरागणिक तीन गोष्टी लिहा: मूल काय बोलतं, त्याला आणखी कोणती भाषा कळते, आणि घरच्या भाषेत लिहिता-वाचता येणारं कोण आहे. ही तिसरी गोष्ट फार मोलाची. खाणीवरच्या एखाद्या आईने गावी कानडी शाळेत चार यत्ता केलेल्या असतात, आणि इथे तिला ते कुणी विचारलेलंच नसतं. तिलाच वर्गाला बोलवा.

आता मुख्य काम. मुलाला जवळ बसवा, घरातलं काहीही सांगायला लावा आणि ते जसंच्या तसं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. दुसरीतल्या एका मुलाने सांगितलं ते असं होतं (पागणं म्हणजे जाळं फेकून मासे धरणं, शेवटे हे मासे):

“बापूस पागूक गेलो. जाळ्यात चार शेवटे गावले. आवशीन कालवण केल्यान. माका शेपटी गावली.”

ह्यातलं एक अक्षरही बदलायचं नाही. “गावले नाही, मिळाले म्हण” असं त्या क्षणी म्हणालात तर पुढच्या शनिवारी तो सांगणार नाही, मान हलवेल फक्त. मुलाच्या तोंडची बोली “अशुद्ध” म्हणणं म्हणजे त्याच्या आईला वर्गाबाहेर उभं करणं आहे, आणि ते मला सहन होत नाही. मालवणीचं लेखन कसं करावं ह्यावरही अडून बसू नका; कानाला ऐकू येतं तसं लिहा.

मग बोट ठेवून त्याला वाचायला लावा. मजकूर त्याचाच असल्यामुळे पुढचा शब्द त्याला ठाऊक असतो, आणि ठाऊक असलेल्या शब्दातलं अक्षर ओळखणं सोपं जातं. “पागूक” मधला प, “बापूस” मधला प, “शेपटी” मधला प त्याचा तोच शोधतो. चार वाक्यांतून आठ-दहा अक्षरं पक्की होतात. त्याच मजकुराच्या शब्दपट्ट्या कापा, मिसळा, पुन्हा लावायला द्या.

मराठी ह्यानंतर, शेजारच्या पानावर. “बाबा पागायला गेले. जाळ्यात चार शेवटे मिळाले. आईने कालवण केलं. मला शेपटी मिळाली.” दोन्ही पानं उघडी ठेवा आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या जागी आला ते मुलांना शोधू द्या. लिपी एकच, त्यामुळे मालवणीत शिकलेलं अक्षर मराठीत पुन्हा शिकावं लागत नाही. नेपाळीचंही तेच. “बुबा माछा मार्न जानुभयो” हे देवनागरीतच लिहायचं, आणि ते वाचताना आमची मालवणी मुलंही पुढे सरसावतात.

पालक मात्र हमखास विचारतात, “मालवणी शिकूक शाळा कित्याक व्हयी?” त्यांच्याशी वाद घालू नका. आईला वर्गात बसवा आणि मुलाला दोन्ही पानं तिच्यासमोर वाचायला सांगा. मुख्याध्यापक कचरत असतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवा: शक्य तिथवर शिक्षणाचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं असं त्यात लिहिलेलं आहे. राज्यघटनेतलं कलम ३५०-अ सुद्धा भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणाबद्दल तेच सांगतं.

उर्दू शाळेतल्या मुलांना घेऊन करायचा प्रकार माझ्या सगळ्यांत आवडीचा आहे. त्यांची घरची कोकणी आणि आमच्या पोरांची मालवणी इतकी जवळची, की खेळताना दुभाष्या लागत नाही. तरी शाळा दोन, आणि एकमेकांचं पुस्तक कुणी उघडून पाहिलेलं नसतं. दोन्ही शाळांतली दोन-दोन मुलं एकत्र बसवा, एकच गोष्ट चौघांनी मिळून ठरवायची. फुलस्केप कागद मधे दुमडून दाभणाने शिवा. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे, म्हणून ह्या वहीला दोन्ही बाजूंनी मुखपृष्ठ येतं. एका बाजूने देवनागरीत लिहीत यायचं, दुसऱ्या बाजूने उर्दू लिपीत, आणि दोघं जिथे भेटतात त्या मधल्या जोडपानावर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचं. आमच्या एका वहीत तिथे ताजियाही आहे आणि होळीचा माडही. ते काढताना, कुणाच्या घरी त्या दिवशी काय शिजतं ह्यावर अर्धा तास बोलणं झालं. मी मधे पडले नाही, तुम्हीही पडू नका. उर्दू शाळेच्या शिक्षकांना मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. त्यांच्या लिपीतली चूक तुम्हाला दिसणार नाही.

चिडवाचिडवी होते. “ए गुरख्या”, “ए कानडी” हे कानावर आलं की तिथेच थांबवा, आणि ज्याला चिडवलं त्याच मुलाच्या हाती पुढच्या खेळाची सूत्रं द्या. लपाछपीत राज्य असलेल्याने ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु असं कानडीत मोजायचं. चुकलं तर कानडी मुलगी दुरुस्त करणार. वरच्या वर्गांना हेही सांगा की कोकणी, नेपाळी आणि मणिपुरी ह्या तिन्ही भाषा १९९२ साली एकाच घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आल्या.

कानडी लिपी आपल्याला येत नसली तरी अडत नाही. मुलीचे शब्द आधी देवनागरीत टिपा: नीरु म्हणजे पाणी, कल्लु म्हणजे दगड, मने म्हणजे घर. कानडी अक्षरं तिच्या आईकडून फळ्यावर लिहून घ्या. पाऊस तोंडावर आला की ही कुटुंबं गावी परततात, म्हणून मे महिन्यातच तिची वही पूर्ण करून तिच्या पिशवीत घाला, म्हणजे तिकडच्या शिक्षकांना ती कुठवर आली ते दिसेल. परत आल्यावर किंवा नव्या गावात जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे आईबापांना नीट समजावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये ते स्पष्ट आहे.

मूल खरंच वाचतंय का, हे त्याच्याच वहीवरून ठरवू नका, ती पाठ झालेली असते. एसटीची पाटी, रेशन दुकानावरची सूचना, दुसऱ्या मुलाची वही असं काहीतरी नवं पुढे ठेवा. अडखळला तर त्याला पुन्हा सांगायला बसवा, नवा मजकूर घ्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बापूस घरी असतो आणि जाळी विणताना त्याच्याकडे गजालींना तोटा नसतो. शाळा उघडल्यावर पहिले मजकूर त्याच्याकडूनच घ्या.